दीडशे वर्षं चुकीच्या पत्त्यावर राहिलेलं प्रवाळ: 'स्नोफ्लेक कोरल' नेमकं कुठलं?

१९७२ मध्ये हवाईच्या पर्ल हार्बर बंदरात एक नवा पाहुणा आढळला. बारीक फांद्यांवर पांढरी फुलं उमलल्यासारखा दिसणारा. त्याचं नाव ठरलं कॅरिजोआ रीसेई, बोलीभाषेत 'स्नोफ्लेक कोरल', म्हणजे हिमकणासारखं प्रवाळ. हे प्रवाळ मूळचं कॅरिबियन समुद्रातलं, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. म्हणजे ते जहाजांच्या बुडाला चिकटून हवाईला आलं असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. जवळपास चार दशकं हेच उत्तर मान्य होतं. मग डीएनए तपासला गेला आणि उत्तर बदललं.

मऊ प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडासारखी कडक रचना येते. ती बांधणारे प्राणी वेगळे. मऊ प्रवाळांचा दगडी सांगाडा नसतो, म्हणून ती पाण्याच्या ओढीबरोबर डोलतात. दोघांत फरक करायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे मोजणी. मऊ प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे त्या छोट्या फुलासारख्या प्राण्याला, आठच हात असतात आणि प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी पिसासारख्या झालरी असतात. कडक प्रवाळांत हा आकडा सहाच्या पटीत असतो. आठ हात मोजता आले की तो ऑक्टोकोरल, एवढं नक्की सांगता येतं.

अडचण त्यापुढे सुरू होते.

रंग का फसवतो?

स्नोफ्लेक कोरलचे पॉलिप पांढरे असतात, पण फांद्या अनेकदा नारिंगी किंवा लालसर दिसतात. तो रंग बहुतेक वेळा त्या प्रवाळाचा नसतोच. फांदीवर पातळ थरासारखा पसरलेला स्पंज असतो, रंग त्याचा. म्हणजे 'नारिंगी फांदी, पांढरं फूल' अशी ओळख लक्षात ठेवली, तर आपण एका प्राण्याच्या अंगावरच्या दुसऱ्याच प्राण्याचं वर्णन करत असतो. शिवाय धक्का लागला की पॉलिप आत ओढले जातात आणि तीच वसाहत काही क्षणांत वाळक्या काड्यांसारखी दिसते.

आकाराचा आधार त्यामानाने बरा. कॅरिजोआमध्ये एक लांबच लांब पॉलिप खोडाचं काम करतो. त्याचं तोंड फांदीच्या टोकाला असतं आणि त्याच्या भिंतीतून छोटे पॉलिप बाजूंना फुटतात. नीट पाहिलं तर ही ठेवण फोटोतही दिसते. पण एवढ्यावरून फार तर वंश सांगता येतो. प्रजाती सांगायला प्रयोगशाळाच लागते.

तिथे वापरलं जाणारं मुख्य रसायन मात्र अगदी घरगुती आहे: कपड्यांसाठी वापरतो ते ब्लीच. नखाएवढा तुकडा त्यात टाकला की मऊ भाग विरघळतो आणि तळाशी बारीक पांढरी पूड उरते. ही पूड म्हणजे चुनखडीचे सूक्ष्म काटे, ज्यांना स्क्लेराइट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली कुणी काडीसारखा, कुणी गाठी असलेला, कुणी फांद्या फुटलेला दिसतो. ऑक्टोकोरलच्या वर्गीकरणाचा मोठा डोलारा या काट्यांच्या आकारावर उभा आहे. एकाच वसाहतीत टोकाचे काटे वेगळे आणि बुडाचे वेगळे असू शकतात, त्यामुळे नमुने वेगवेगळ्या ठिकाणचे घ्यावे लागतात. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवणं चांगलं, कारण आम्लधर्मी झालेल्या फॉर्मलिनमध्ये राहिला तर हेच काटे झिजतात. पुरावाच गायब.

मग पत्ता कसा चुकला?

या प्रजातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८६० मध्ये द्युशासँ आणि मिकेलोत्ती यांनी केलं, ते कॅरिबियन भागातल्या नमुन्यांवरून. 'रीसेई' हे नाव अल्बर्ट रीसे यांच्यावरून आलं. ते सेंट थॉमस बेटावर औषधांचं दुकान चालवणारे डॅनिश गृहस्थ होते आणि समुद्री प्राण्यांचे नमुने गोळा करायचे. वर्गीकरणाच्या नियमांत पहिला नमुना जिथे मिळाला त्या जागेला महत्त्व असतं. पण तो नमुना पहिल्यांदा कुणाच्या हाती लागला, एवढंच ती जागा सांगते. प्राण्याचं मूळ घर तेच असेल, याची काही हमी नाही. इथे या दोन गोष्टींची गल्लत झाली.

आणि ती महागात पडण्यासारखी होती. २००१ मध्ये माऊई बेटाजवळच्या औआऊ खाडीत खोलवर पाहणी झाली, तेव्हा साधारण ७० ते ११० मीटर खोलीवरच्या काळ्या प्रवाळांपैकी निम्म्याहून अधिक वसाहतींवर स्नोफ्लेक कोरल चढलेलं दिसलं. काळं प्रवाळ १९८७ पासून हवाई राज्याचं अधिकृत रत्न आहे आणि दागिन्यांसाठी पाणबुडे ते काढतात. पाणबुडे सहसा पोहोचत नाहीत अशा खोलीवरची झाडं सुरक्षित राहतील आणि त्यांच्या पिल्लांतून वरची भर निघत राहील, असा हिशोब होता. स्नोफ्लेक कोरलने नेमकी तीच जागा गाठली. त्याच्या शरीरात अन्न बनवणारं शेवाळ नसतं, ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून जगतं. त्यामुळे त्याला उजेडाची गरज नाही. उथळ पाण्यात ते कपारीत, सावलीत राहतं. खोलवर सगळीकडेच सावली.

अशा प्राण्याला आवरायचं तर त्याचा नैसर्गिक शत्रू शोधतात, आणि तो शोधायचा असतो मूळ घरी. घरच चुकीचं धरलं तर शोध चुकीच्या समुद्रात होणार.

डीएनएने काय सांगितलं?

२०१० मध्ये 'मॉलिक्युलर इकॉलॉजी' या नियतकालिकात जगभरातल्या कॅरिजोआ नमुन्यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध झाली. हवाईतलं प्रवाळ कॅरिबियनमधून आलं ही कल्पना त्यात टिकली नाही. जनुकीय विविधता जास्त होती ती हिंद-प्रशांत भागात. याच भागातली फायलोडेस्मियम पॉइंदिमिई नावाची शंख नसलेली समुद्री गोगलगाय हे प्रवाळ खाते. तिचा उपयोग नियंत्रणासाठी होईल का, यावरचा अभ्यास २००९ मध्येच आला होता.

डीएनए तपासला की सगळं सुटतं असंही नाही. ऑक्टोकोरलची मायटोकाँड्रियातली जनुकं फार सावकाश बदलतात. इतर प्राण्यांत हमखास चालणारा 'डीएनए बारकोड' इथे जवळच्या दोन प्रजातींत सारखाच निघू शकतो. म्हणून काटे आणि जनुकं दोन्ही पाहावी लागतात. २०२२ मध्ये जनुकीय माहितीच्या आधारे ऑक्टोकोरलची अख्खी मांडणी नव्याने झाली. जुना 'अल्सायोनेसिया' गण मोडला आणि कॅरिजोआलाही स्वतंत्र कुळ मिळालं.

भारताशी संबंध काय?

स्नोफ्लेक कोरलची नोंद मन्नारच्या आखातातून आणि अंदमानातून झाली आहे. काही अहवालांत आणि बातम्यांत त्याला 'परदेशी आक्रमक' म्हटलं जातं. ते कॅरिबियनच्या जुन्या पत्त्यावर विसंबून असेल तर घाई आहे. हिंद महासागर हा हिंद-प्रशांत भागाचाच हिस्सा. इथे ते पाहुणं आहे की जुनं रहिवासी, हे इथल्या नमुन्यांवरूनच ठरवावं लागेल. ते काळ्या प्रवाळावर चढून नुकसान करतंय का, हा प्रश्न वेगळा.

कायद्यातही नावाला वजन आहे. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये सगळी काळी प्रवाळं, कडक प्रवाळं आणि 'सर्व गोर्गोनियन', म्हणजे समुद्री पंखे, आले. गंमत म्हणजे २०२२ च्या नव्या मांडणीत गोर्गोनियन हा एकसंध गट उरलेला नाही. त्याचे सदस्य वेगवेगळ्या शाखांत विखुरले आहेत.

मालवण किंवा गोव्यात स्कुबा करताना असं काही दिसलं, तर एक फोटो लांबून पूर्ण वसाहतीचा आणि एक जवळून, उमललेल्या पॉलिपचा घ्यावा. फांदीचं टोक त्यात दिसू द्यावं. सोबत खोली आणि जागा लिहून ठेवावी. तुकडा मात्र तोडू नये. तो समुद्री पंख्याचा निघाला तर थेट गुन्हा ठरतो.