काळा चष्मा : शोभेचा आणि संरक्षणाचाही

आपल्या गावाकडे काळा चष्मा दोन वेळा हमखास दिसतो. एक, म्हाताऱ्या माणसाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की. आणि दुसरा, वरातीत नाचणाऱ्या पोरांच्या डोळ्यांवर. पहिला औषधापुरता, दुसरा फोटोपुरता. जो दिवसभर उन्हात राबतो त्याच्या डोळ्यांवर मात्र तो नसतो. एखादी भगिनी गॉगल लावून भांगलायला गेली, तर सारे शिवार हसेल!

मी रोज मोटारसायकलने पाटणहून कराडला कामाला जातो. सकाळी तोंड पूर्वेला, म्हणजे सूर्य समोर. संध्याकाळी परतताना पश्चिमेला, तेव्हाही सूर्य समोरच. डोळ्यांतून पाणी यायचे, म्हणून जत्रेत एका टपरीवरून काळाकुळकुळीत गॉगल घेतला. डोळ्यांना थंड वाटले. वर्षभर वापरला. पुढे नंबर तपासायला गेलो, तेव्हा चष्मेवाल्याने तो लहानशा यंत्रावर धरून दाखवला. काच काळी होती, पण अतिनील किरणे बरीचशी पार जात होती.

फसगत होते ती इथेच. उन्हात दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारे अतिनील किरणही असतात. अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. काच नुसतीच काळी असेल, तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून हे किरण जास्तच आत जातात. त्यांचे नुकसान एका दिवसात कळत नाही, वर्षानुवर्षे साठत जाते. मोतीबिंदू लवकर धरू शकतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस वाढू शकते. दर हजार मीटर उंचीला हे किरण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात. म्हणून वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांजवळ गुरे राखणाऱ्याने वारा गार आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पातळ ढगांतूनही ते खाली येतात.

मग घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, ‘यूव्ही 400’ हा शिक्का. नुसत्या चिकटवलेल्या कागदावर विसंबू नका. ज्या दुकानात यंत्र आहे तिथे तपासून मागा, अर्ध्या मिनिटाचे काम आहे. दुसरी गोष्ट, काळेपणा. त्याचे 0 ते 4 असे क्रमांक असतात. आपल्या उन्हाला 3 पुरे. 4 क्रमांकाची काच लावून गाडी चालवू नये आणि रात्री तर कोणताच गॉगल नको. तिसरी, रंग. करडा किंवा तपकिरी घ्यावा, त्यातून सिग्नलचे रंग ओळखू येतात. चौथी, काचेचा सरळपणा. गॉगल हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे पाहा आणि हळूहळू हलवा. चौकट वाकडी दिसली तर परत ठेवा. ‘पोलराइज्ड’ काच पाण्यावरची, ओल्या डांबरी रस्त्यावरची तिरीप मोडते. पण किरण अडवण्याचा शिक्का तिच्यावरही वेगळा पाहावा. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी पॉलिकार्बोनेटची काच मागावी. ती पांढरी असली तरी अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते. मुलांना खेळण्यातला गॉगल उन्हात देऊ नये. आणि कोणत्याही गॉगलातून सूर्याकडे पाहू नये, वेल्डिंग तर मुळीच करू नये.

आता दिसण्याचे. फ्रेम भुवईपासून गालापर्यंत झाकणारी, बाजूने फट न ठेवणारी असावी. गोल चेहऱ्याला चौकोनी, उभट चेहऱ्याला थोडी मोठी गोलसर फ्रेम शोभते. घामात राबणाऱ्याने प्लॅस्टिकची हलकी फ्रेम घ्यावी. धातूची उन्हात तापते.

खर्चाचा हिशेब कारकुनाला सुचणारच! गॉगल 300 रुपयांचा धरला आणि दोन वर्षे टिकला, तर दिवसाला 41 पैसे पडतात.

तरीही कोणी म्हणेल, ‘गरिबाला कशाला ही ऐट?’ हा प्रश्न साधा नाही. 2023 साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची फिर्याद नोंदली गेली. आपण कसे दिसावे हे दुसऱ्याने ठरवायचे, हा त्यामागचा जुना रोग आहे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले, ते याच रोगावर औषध होते. नीटनेटके दिसणे हा आपला हक्क आहे आणि डोळे शाबूत ठेवणे ही गरज.

म्हणून बंधूंनो, घरात पहिला चांगला गॉगल घ्याल, तेव्हा घरातले उन्हात सर्वांत जास्त कोण असते ते आधी पाहा. बहुतेक घरांत ती आई किंवा पत्नी निघेल. तो तिच्यासाठी घ्या. शिवार हसले तर चार दिवस हसेल.