विश्लेषण : एसी सुरू, तरी खोली गरमच... दरवेळी ‘गॅस’च संपलेला असतो का?

पारा चाळिशीकडे सरकला की घरोघरी एकच तक्रार सुरू होते. एसी चालू आहे, वाराही येतो, पण खोली गार होत नाही. त्यावर मेकॅनिकचे उत्तरही बहुधा ठरलेले असते, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पण एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपतो का? गारवा न मिळण्याची इतर कारणे कोणती आणि ती कशी ओळखायची?

एसी नेमके काय करतो?

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हे काम वाहक वायू, म्हणजेच बोलीभाषेतला ‘गॅस’ करतो. भिंतीवरच्या युनिटमधील कॉइलमध्ये तो उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये तो ती उष्णता सोडतो. हे चक्र बंदिस्त नळ्यांमध्ये अखंड चालते. त्यामुळे गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा बसवतानाच तो कमी भरला गेला आहे. गारवा न मिळण्याची मुख्य कारणे तीन : आतल्या कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, बाहेरची उष्णता बाहेर पडत नाही, किंवा गॅसचे चक्र नीट फिरत नाही. पहिल्या दोन कारणांचा शोध घरच्या घरी घेता येतो.

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी काय पाहावे?

सर्वांत आधी रिमोट. त्यावर ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ मोड लागला असेल तर वारा येतो, पुरेसा गारवा येत नाही. मोड ‘कूल’ हवा आणि तापमान खोलीच्या तापमानापेक्षा कमी हवे. त्यानंतर फिल्टर. धुळीने बुजलेला फिल्टर हवा अडवतो; उन्हाळ्यात तो दर दोन आठवड्यांनी साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून लावावा. आतल्या कॉइलवर बर्फ दिसत असेल, तर एसी फक्त फॅन मोडवर दोन-तीन तास चालवून तो वितळू द्यावा. खरवडून काढू नये. फिल्टर स्वच्छ करूनही बर्फ पुन्हा जमला, तर गॅस कमी असण्याची शक्यता वाढते.

मग बाहेरचे युनिट. बाल्कनी काचेने बंद केलेली असणे, युनिटसमोर कपडे वाळत घातलेले असणे, जाळीवर कबुतरांची घरटी किंवा धुळीचा थर असणे, यामुळे उष्णता तिथेच कोंडते. पंख्यातून बाहेर पडणारी गरम हवा पुन्हा युनिटमध्येच ओढली जाते आणि एसी दमतो.

साधी चाचणी कोणती?

दारे-खिडक्या लावून, तापमान सर्वांत कमी ठेवून एसी पंधरा-वीस मिनिटे चालवावा. मग साध्या थर्मामीटरने एसीत शिरणाऱ्या आणि त्यातून येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. साधारण ८ ते १२ अंश सेल्सियसचा फरक असेल तर यंत्र ठीक आहे. किनारपट्टीच्या दमट हवेत हा फरक थोडा कमी असू शकतो, कारण एसीची बरीच शक्ती हवेतली वाफ काढण्यात जाते. फरक जेमतेम दोन-तीन अंशांचाच असेल, तर दोष यंत्रात आहे.

बाहेरचा पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर गुणगुणून लगेच बंद पडतो, असे साध्या, बिगर-इन्व्हर्टर एसीत झाले तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. हा सुटा भाग स्वस्त असतो, मात्र वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार राहतो. त्यामुळे घरच्यांनी झाकण उघडू नये. संध्याकाळी कमी दाबाने येणाऱ्या विजेमुळेही कॉम्प्रेसर सुरू होत नाही.

गॅस खरोखरच कमी असेल तर?

तर आधी गळती शोधायला हवी. सांध्यांवरचे तेलकट डाग ही तिची खूण. साबणाचा फेस किंवा नायट्रोजनचा दाब वापरून ती जागा सापडते. समुद्राकाठी खाऱ्या हवेने कॉइललाच बारीक छिद्रे पडतात. गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांमधील हवा आणि ओलावा काढावा आणि बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर छापलेल्या मात्रेइतका गॅस वजन करून भरावा. गळती न बुजवता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

नव्या एसींमध्ये आर-३२ हा गॅस सर्रास असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे आणि १०० वर्षांच्या काळात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट मानली जाते. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे गळणारा एसी खिशाला आणि वातावरणालाही जड जातो.

यंत्र ठीक, तरी खोली तापलेली का?

एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता हटवण्याची क्षमता. ही क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. नागपूर, चंद्रपूरच्या ४५ अंशांत ती घटते. त्यात वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची खिडकी असेल, तर एक टनाचा एसी अपुरा पडतो. अशा वेळी जाड पडदे आणि छतावरचा पांढरा रंग गॅसपेक्षा जास्त उपयोगी पडतात. साध्या एसीत तापमान १६ वर ठेवल्याने हवा अधिक थंड होत नाही, यंत्र फक्त अधिक वेळ चालते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार, तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

मेकॅनिकला काय विचारावे?

गळती कुठे आहे? ती बुजवणार का? व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणला आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘गॅस भरा’ म्हणू नये. जळका वास आला किंवा एमसीबी वारंवार पडू लागला, तर मात्र एसी लगेच बंद करावा.