आगगाडीच्या गावात रात्र झाली!

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात एक गाव असं आहे, जिथे अख्खा दिवस १५ मिनिटांत संपतो! 'मिनिआटूर वुंडरलँड' हे त्याचं नाव. तिथे इवल्याशा आगगाड्या डोंगर-बोगद्यांतून धावतात. दर पाव तासाने अंधारून येतं आणि घरांत, स्टेशनात, रस्त्यांवर पटापट दिवे लागतात. इतक्या लांब जायला जमणार नाही म्हणता? मग पुण्यात कोथरूडला या. तिथलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं.

या दोन्हीकडच्या गाड्या खऱ्या गाडीपेक्षा ८७ पट लहान. म्हणजे १७४ सेंटिमीटर उंचीचा माणूस तिथे केवढा? बरोब्बर २ सेंटिमीटर! आणि रस्त्यावरचा ६ मीटरचा खांब जेमतेम ७ सेंटिमीटर. आता सांगा, एवढ्याशा खांबावर कोणता दिवा लावायचा?

पूर्वी गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब वापरायचे. पण त्यांतली तार तापली तरच उजेड पडणार. त्यामुळे बल्बही तापायचा आणि प्लास्टिकचं घर वितळायची भीती असायची. एलईडी आला आणि ही काळजी मिटली. तो थोडक्या विजेवर चालतो, फारसा तापत नाही आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांना मिळतो.

पारदर्शक टोपीचा पांढरा एलईडी न पेटवता नीट न्याहाळा. आत पिवळा ठिपका दिसेल. खरा उजेड असतो निळा! ठिपक्यातला पिवळा लेप त्यातला काही निळा प्रकाश पिवळा करतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. असा निळा एलईडी बनवणं फार अवघड होतं. ते जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

चला, आता आपलं गाव उजळू या. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, पांढरा एलईडी, थोडी वायर आणि ६८० ओहमचा रेझिस्टर घ्या. रेझिस्टरवर निळा, राखाडी, तपकिरी असे पट्टे असतात. तो कशाला हवा? पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण ३ व्होल्ट. उरलेले ६ रेझिस्टरने सांभाळायचे. ६ भागिले ६८० म्हणजे सुमारे ९ मिलिअँपिअर; एलईडीला एवढी वीज पुरते. रेझिस्टर न लावता जोडलात, तर एलईडी क्षणात जळेल.

एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूला. उलटा जोडलात तर पेटणार नाही, कारण त्यातून वीज एकाच दिशेने जाते. दिवे खूप असतील, तर प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्या आणि सगळे समांतर, म्हणजे प्रत्येक जोडी थेट बॅटरीला, जोडा. मग एखादा बंद पडला, तरी बाकीचं गाव उजळलेलं राहील.

घर काडेपेटीचं असेल, तर पुठ्ठ्यातूनही उजेड झिरपतो आणि भिंतीच चमकतात. म्हणून आतून काळा कागद चिकटवा, फक्त खिडक्या मोकळ्या ठेवा. खिडकीला बटर पेपर लावला, की उजेड विखुरतो आणि आतला एलईडी दिसत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची युक्ती. ६८०च्या जागी २२०० ओहमचा, तीन लाल पट्ट्यांचा रेझिस्टर लावून बघा. उजेड मंद होईल आणि घर एकदम खरं वाटू लागेल! छोट्या गावाला उजेडही छोटाच शोभतो. शिवाय वीज कमी लागते, त्यामुळे बॅटरी जास्त टिकते.

रेल्वे नसली तरी अडत नाही. येत्या दिवाळीत किल्ल्यावरच्या घरांत हेच दिवे लावा. मात्र एक नियम कायम पाळा: वीज फक्त बॅटरीची, भिंतीतल्या प्लगची कधीच नाही. आणि सोल्डरिंग करायचं असेल, म्हणजे तारा डाग देऊन जोडायच्या असतील, तर घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच!