मोर्चाला जावे की न जावे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री आमच्या दारावर थाप पडली. दारात आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण उभा होता. तो सुरतेस पांडेसऱ्याच्या एका कारखान्यात मागावर काम करतो. बारा तासांची पाळी आणि जितके मीटर कापड निघेल तितकी मजुरी. "फादर," तो म्हणाला, "पुढल्या सोमवारी तहसील कचेरीवर मोर्चा आहे, गायरानाच्या प्रश्नावर. आई म्हणते जा. बाबा म्हणतात, जाशील तर घरात पाऊल टाकू नकोस. तुम्ही सांगाल तसे करीन."

आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तरलो, "जाऊ नकोस, बाळा. पोलिसांत नाव गेले तर जन्माची कटकट होईल." तो "बरं, फादर" म्हणून निघून गेला. त्या रात्री आम्हांला मात्र झोप लागली नाही. त्या नकारात त्याच्याविषयीच्या काळजीपेक्षा आमच्या स्वतःच्या भीतीचाच वाटा अधिक होता, हे आम्हांला मनोमन ठाऊक होते.

योगायोग असा की दोनच दिवसांनी आम्हांला कामानिमित्त सुरतेस जावयाचे होते. नंदुरबार-नवापूरवरून जाणारी गाडी सुरतेपूर्वी बारडोलीस थांबते. तेथे आम्ही उतरलो आणि सरदार वल्लभभाई पटेलांचे वास्तव्य लाभलेला स्वराज आश्रम पाहिला. सुरत जिल्ह्यातील या लहानशा गावाने आमच्या तरुणाचा प्रश्न एकदा नव्हे, दोनदा सोडविला आहे. आणि दोन्ही वेळा उत्तर निराळे दिले आहे.

पहिला प्रसंग १९२२ चा. जानेवारीच्या अखेरीस बारडोली तालुक्याने कायदेभंगासाठी कंबर कसली होती. सारा देश तिकडे डोळे लावून बसला होता. इतक्यात फेब्रुवारीच्या आरंभी दूर उत्तरेत चौरीचौरा येथे खवळलेल्या जमावाने पोलीस ठाणे पेटविले आणि वीसहून अधिक पोलीस प्राणास मुकले. बारडोलीच्या शेतकऱ्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. तरीही गांधीजींच्या आग्रहावरून काँग्रेसच्या कार्यकारिणीने बारडोलीतच बैठक घेऊन १२ फेब्रुवारी १९२२ रोजी तो लढा स्थगित केला. तुरुंगातले सहकारी संतापले, कार्यकर्ते निराश झाले. पण सज्ज झालेले पाऊल मागे घेण्यासही धैर्य लागते, हे त्या दिवशी दिसून आले.

दुसरा प्रसंग बरोबर सहा वर्षांनंतरचा. मुंबई सरकारने बारडोलीचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला होता. अर्ज-विनंत्या व्यर्थ ठरल्या, तेव्हा शेतकरी वल्लभभाईंकडे गेले. ४ फेब्रुवारी १९२८ रोजी ते बारडोलीस आले. त्यांनी लगेच रणशिंग फुंकले काय? नाही. जमीन जप्त होईल, गुरेढोरे जातील, तुरुंग पाहावा लागेल, हे सारे त्यांनी शेतकऱ्यांपुढे मांडले आणि घरी जाऊन नीट विचार करण्यास सवड दिली. मधल्या काळात त्यांनी गव्हर्नरांना पत्र लिहून निःपक्षपाती चौकशीची मागणी केली. समाधानकारक उत्तर न आल्यावर १२ फेब्रुवारी १९२८ रोजी शेतकऱ्यांनी सारा न भरण्याचा ठराव केला.

पुढचे महिने कठीण गेले. जप्तीवाल्यांच्या भीतीने माणसे आपल्या म्हशींसह दिवसचे दिवस घरात कोंडून राहिली. स्त्रिया मोठ्या संख्येने सभांना येऊ लागल्या. अखेर ऑगस्टमध्ये तडजोड झाली. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

वाचकहो, या दोन तारखांमधून आम्हांला काही प्रश्न सापडले. ते आम्ही आपणांपुढे ठेवतो. मागणी न्याय्य आहे काय, आणि ती आपणांस स्वतःस समजली आहे काय? बारडोलीची मागणी मोजकी होती : चौकशी करा. दुसरे, अर्ज, निवेदन, भेट हे मार्ग आधी चोखाळले आहेत काय? तिसरे, मोर्चा शांततेने चालेल, याची हमी पुढारी देतात काय, आणि कोणी दगड उचलला तर ते काय करणार? चौथे, जो तोटा होईल तो कोण सोसणार : व्यासपीठावरचा की मागल्या रांगेतला?

आणि पाचवा प्रश्न बारडोलीच्या उणिवेतूनच शिकावा. तेथील जमीनदार शेतकऱ्यांच्या शेतांत दुबळा जमातीचे हजारो मजूर पिढ्यान् पिढ्या हाळी म्हणून वेठीस बांधलेले होते. सारा कमी झाल्याने त्यांच्या गळ्यातले जू उतरले नाही. तेव्हा आपल्या मागणीत आपल्याहून दुबळ्याचे नाव आहे काय, हेही विचारावयास हवे.

कायद्याचे म्हणाल तर शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकांना दिला आहे. मात्र जमावबंदीचा हुकूम आहे काय, हे आधी पाहावे. आणि सरकारी नोकरांनी आपल्या सेवानियमांकडे दुर्लक्ष करू नये. धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये, असा सर्वसाधारण धर्मनियम आहे. परंतु तो आमच्यावरचा निर्बंध आहे. त्याची बेडी आम्ही प्रापंचिकांच्या पायांत घालू नये. सत्तेचा दुरुपयोग होत असेल तर नैसर्गिक नियम आणि शुभवर्तमान यांच्या मर्यादेत राहून नागरिकांनी आपल्या हक्कांचे रक्षण करावे, ही मोकळीक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्टपणे मान्य केली आहे.

मोर्चा म्हणजे आरडाओरडा आणि मोडतोड, अशी अनेकांची समजूत असते. त्यांनी मार्च २०१८ आठवावा. वनजमिनीच्या हक्कांसाठी हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. दहावीची परीक्षा चालू होती. मुलांची वाट अडू नये म्हणून दिवसभर चालून थकलेली ती माणसे, कित्येकांच्या पायांना फोड आलेले असताना, पुन्हा उठली आणि रात्रीतूनच आझाद मैदानात पोहोचली. परक्यांच्या लेकरांची अशी काळजी वाहणारा मोर्चा पाहून मुंबईकर पाणी आणि खाद्यपदार्थ घेऊन रस्त्यावर आले.

परतल्यावर आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याच्या आईवडिलांसमक्षच आम्ही म्हणालो, "बाळा, त्या रात्री आम्ही घाईने बोललो. ते उत्तर आम्ही मागे घेतो. जा असेही सांगत नाही, जाऊ नको असेही नाही. हे पाच प्रश्न घे आणि रविवारपर्यंत विचार कर." त्याचे वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, एक वर्षी मी गेलो होतो. लाठी खाल्ली, आणि पुढारी मोटारीत बसून निघून गेले. म्हणून म्हणतो." त्यांच्या रागाच्या तळाशी असलेले हे दुःख त्यांच्या मुलानेही त्या दिवशी प्रथमच ऐकले.

शनिवारी तो तरुण मोर्चाच्या आयोजकांना भेटला. गायरानालगतच्या पाड्यावरील भूमिहीनांची नावे निवेदनात नव्हती. ती घालावीत, असा त्याने हट्ट धरला आणि ती घातली गेली. सोमवारी तो गेला. सुरतेची दोन दिवसांची मजुरी बुडाली. आईने भाकऱ्या बांधून दिल्या. वडील तहसील कचेरीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, सायंकाळपर्यंत उभे होते. गायरानाचा निकाल अद्याप लागलेला नाही.

मोर्चाला जाणारा प्रत्येक जण शूर नसतो आणि घरी राहणारा प्रत्येक जण भेकड नसतो. ज्याने विचार केला, विचारले, ऐकले आणि मग सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून पाऊल उचलले किंवा आवरले, तो आपल्या कर्तव्यास जागला. उद्या आपल्या घरी असा प्रश्न उभा राहिला, तर आईबाबांनी लेकराला उत्तर देण्याची घाई करू नये. आम्ही ती केली होती.