वजन उतरायचं थांबलं? धावण्याची चाल बदला

फजरची नमाज झाली की परभणीत आपल्यातले काही जण कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर धावायला जातात. सुरुवातीला दोन-तीन किलो कमी होतात, मग काटा हलतच नाही.

धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1 कॅलरी खर्च होते. 80 किलोचा माणूस 3 किलोमीटर धावला तर 240. वजन उतरलं की हा खर्चही उतरतो.

म्हणून आम्ही सांगतो, अंतर तेवढंच ठेवा, पण मेहनत वाढवा. आधी 10 मिनिटं भरभर चाला. मग 1 मिनिट जोरात धावा, 2 मिनिटं सावकाश चाला. असं 6 वेळा. जोरात म्हणजे सलग बोलता येऊ नये इतकं. हे आठवड्यातून दोनदाच करा, बाकी दिवस नेहमीसारखं धावा.

शुगर, बीपी किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा. आपल्याकडचा उन्हाळा कडक, तेव्हा ऊन चढायच्या आत घरी या.

आणि परतताना भजी-जिलेबी खाल्ली, तर सगळी मेहनत तिथंच संपली! अम्मी-अब्बांनाही सोबत न्या. त्यांनी भरभर चाललं तरी पुष्कळ.