मंदीच्या काळातील मनोधैर्य

उज्जैनच्या रेल्वेस्थानकातून बाहेर पडलेला प्रवासी थोड्याच वेळात देवास गेटपाशी येतो. येथील बसस्थानक, आसपासच्या धर्मशाळा, चहाची दुकाने आणि रिक्षांची रांग यांचा सारा व्यवहार येणाऱ्याजाणाऱ्या माणसांवर चालतो. महाकालाच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू आणि रोजगारासाठी इंदूरला वा देवासला निघालेला कामगार, हे दोघेही या व्यवहाराचे पोशिंदे. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली, आगगाड्या व बसगाड्या थांबल्या आणि अशा नाक्यानाक्यांवरची मिळकत एका रात्रीत आटली. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे एकूण उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने जवळजवळ एकचतुर्थांशाने घटले. अर्थशास्त्रज्ञाच्या लेखी तो एक आकडा होता. चहावाल्याच्या लेखी ती विझलेली शेगडी होती.

उज्जैनला असा प्रसंग अगदीच अपरिचित नव्हता. ग्वाल्हेर संस्थानच्या काळापासून हे शहर जसे तीर्थक्षेत्र, तसेच कापडगिरण्यांचे गावही होते. नजरअली, विनोद, हीरा ही गिरण्यांची नावे येथील कित्येक घरांत रोजच्या बोलण्यातली होती. पुढे त्यांचे भोंगे थांबले. विनोद मिलच्या कामगारांना तर थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. मुंबईतही 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यांतील हजारोंना पुन्हा आपल्या यंत्रापाशी उभे राहता आले नाही.

अशा वेळी माणसाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की ‘आपले काय चुकले?’ प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याचे उत्तर बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. मंदीची साखळी कशी चालते ते पाहावे. यात्रेकरू कमी झाले की रिक्षावाल्याच्या फेऱ्या कमी होतात. तो मुलांच्या नव्या चपला पुढच्या महिन्यावर टाकतो. चपलांचा दुकानदार मग आपल्या नोकराला घरी बसवतो आणि त्या नोकराच्या घरी दूध अर्ध्यावर येते. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. हात आखडता घेणे हे ज्याचे त्याला शहाणपणाचे असले, तरी सर्वांनीच एकदम तसे केले म्हणजे सर्वांचेच नुकसान होते. हे कोडे केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1936 साली आपल्या ग्रंथात उलगडून दाखवले. या साखळीत घरी बसलेल्या त्या नोकराचा दोष कोणता? तो कालही तितकाच प्रामाणिक होता आणि आजही आहे. मंदी ही बाजाराची अवस्था होय. माणसाच्या योग्यतेवर दिलेला तो निकाल नव्हे. मनोधैर्याची पहिली पायरी हीच आहे.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक गिरणगाव होते. तेथील गिरणी 1930 च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल या संशोधकांनी तेथे जाऊन जो अभ्यास केला, तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना आता वेळच वेळ होता; तेव्हा ते अधिक वाचतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके निम्म्यावर आली. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली. सकाळपासून काय केले, असे विचारता त्यांना धड सांगता येईना. स्त्रियांची चाल मात्र तितकी मंदावली नव्हती, कारण चूल, मुले आणि धुणी यांना सुट्टी नव्हती.

पगाराबरोबर काम आणखी काय देत असते, हे याहोडा यांनी पुढे नेमके मांडले. काम दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे भेटवते, अनेकांच्या उद्योगात आपलाही वाटा असल्याची जाणीव देते, समाजात स्थान देते आणि हात चालते ठेवते. पगार थांबतो तेव्हा या पाचही गोष्टी नकळत हातातून निसटतात. त्यांतील काही मात्र प्रयत्नाने सांभाळता येतात. उठण्याची वेळ सोडू नये. घरचा जमाखर्च घरातल्यांसमोर उघडा ठेवावा. काम नसताना डबा घेऊन बाहेर पडणारा आणि दिवसभर बागेत बसून परतणारा माणूस पैशाच्या टंचाईपेक्षा त्या लपवाछपवीनेच लवकर खचतो. जुन्या सहकाऱ्यांची गाठभेट तोडू नये. रिकाम्या हातांनी हत्यारे स्वच्छ करावीत, जोडीचे एखादे कसब शिकावे.

ज्यांची नोकरी टिकलेली असते त्यांचीही कसोटी लागते. दोघांचे काम एकावर पडते, कानोकानी अफवा फिरतात आणि शेजारचे टेबल रिकामे झाल्याचे शल्य मनात राहते. येथे वरिष्ठांची जबाबदारी मोठी आहे. परिस्थिती खरी काय आहे ते वेळेवर आणि स्पष्ट सांगितले, तर वाईट बातमीही माणसे सोसतात. अंधारात ठेवलेला नोकर मात्र कामापेक्षा तर्ककुतर्कांनीच थकतो.

मात्र उपदेशाला एक मर्यादा आहे आणि तीही मारिएनथालनेच दाखवली. ज्या कुटुंबांच्या हाती थोडे अधिक पैसे येत होते, तीच बहुधा ताठ उभी होती. मदत आटत गेली तसे धैर्यही आटले. म्हणून बेकाराला धीराच्या गोष्टी सांगणाऱ्या समाजाने त्याच्या धान्याची आणि थकलेल्या पगाराची काळजी आधी वाहिली पाहिजे.

गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले हिंदी कवी काही काळ उज्जैनला शिक्षक होते. तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या करीत ते गावोगाव फिरले. त्यांच्या कवितांचा पहिला स्वतंत्र संग्रह 1964 साली निघाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. त्यांच्या ओढगस्तीचे कौतुक करण्याचे कारण नाही. ती टळली असती तर बरेच झाले असते. परंतु पगाराच्या आकड्यावरून ज्यांनी त्यांची किंमत केली असेल, त्यांचा हिशेब चुकला एवढे खास.

देवास गेटवर बसची वाट पाहणाऱ्या माणसाला गाडी वेळेवर आणता येत नाही. ती का आली नाही याची चौकशी करणे, सामान नीट बांधून ठेवणे आणि शेजारच्या थकलेल्या प्रवाशाला बाकावर जागा देणे एवढे त्याच्या हाती असते. कठीण काळात आपल्या हातचे काय आणि हाताबाहेरचे काय, हे ओळखून तेवढे नेटाने करीत राहणे, यालाच मनोधैर्य म्हणतात.