उत्तर मॅसेडोनिया युरोपीय संघाबाहेर का आहे?

युरोपीय संघाच्या विस्ताराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘हे बाल्कन देश अजून तयार नाहीत, म्हणून बाहेर आहेत. सुधारणा करतील तेव्हा येतील आत.’ जणू ब्रसेल्समध्ये एखादी परीक्षा भरते आणि उत्तीर्ण झालं की प्रवेश पक्का. हा समज नुसता चुकीचा नाही, अन्यायकारकही आहे. कारण त्यामुळे सदस्य देशांच्या राजकारणाचं खापर उमेदवार देशाच्या डोक्यावर फुटतं. उत्तर मॅसेडोनियाचा इतिहास सनावळीसह पाहिला, तर या समजाला आधार कुठे उरतो तेच कळत नाही.

पात्रतेचे निकष 1993 साली कोपनहेगनमध्ये ठरले. लोकशाही आणि कायद्याचं राज्य टिकवणाऱ्या संस्था, स्पर्धेत तग धरणारी बाजारव्यवस्था आणि संघाचे कायदे अमलात आणण्याची क्षमता, हा त्यांचा गाभा. मॅसेडोनियाने 2004 मध्ये अर्ज केला आणि 2005 मध्ये त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. 2009 मध्ये युरोपीय आयोगाने वाटाघाटी सुरू करण्याची शिफारस केली. तयारी मोजणं हे ज्या संस्थेचं काम, तिचं हे मत होतं. वाटाघाटींचा औपचारिक आरंभ मात्र जुलै 2022 मध्ये झाला. मधली जवळपास तेरा वर्षं कशात गेली? आधी ग्रीसची हरकत होती ती देशाच्या नावाला, कारण मॅसेडोनिया हा ग्रीसचाही एक प्रांत आहे. 1995 च्या अंतरिम करारात ग्रीसने तात्पुरत्या नावाने होणाऱ्या, आंतरराष्ट्रीय संघटनांतल्या प्रवेशाला विरोध न करण्याचं मान्य केलं होतं, तरी 2008 मध्ये नाटोतल्या प्रवेशाला हरकत घेतली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2011 मध्ये हा करारभंग ठरवला. त्या निकालानेही दार उघडलं नाही. शेवटी ग्रीसशी झालेल्या 2018 च्या प्रेस्पा करारानुसार देशाने संविधान दुरुस्त करून स्वतःचं नावच बदललं. याहून मोठी किंमत दुसऱ्या कोणत्या उमेदवाराने मोजली? तरीही ऑक्टोबर 2019 मध्ये फ्रान्सने विस्ताराची पद्धतच आधी बदला म्हणून अडवलं, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये इतिहास व भाषेच्या वादावरून बल्गेरियाने. मॅसेडोनियन ही स्वतंत्र भाषा आहे हेच बल्गेरियाला मान्य नाही. कोपनहेगनच्या निकषांत यातलं काहीही नाही.

आता गाडी अडली आहे ती संविधानात बल्गेरियन समुदायाचा उल्लेख करण्याच्या अटीवर. 2021 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख रहिवाशांपैकी 3,504 जणांनी स्वतःला बल्गेरियन म्हटलं. दुरुस्तीसाठी 120 सदस्यांच्या संसदेत 80 मतं लागतात, आणि 2024 मध्ये सत्तेवर आलेल्या पक्षाला ही दुरुस्ती प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळीच लागू व्हायला हवी आहे. ‘एक ओळ घालायला काय हरकत?’ असं विचारणाऱ्यांनी हेही पाहावं, की नाव बदलल्यावर पुढची अडवणूक यायला वर्षही लागलं नाही. राजधानी स्कोप्येचा अविश्वास हा निव्वळ हट्ट नव्हे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की देशात भ्रष्टाचार खरोखर आहे. आहेच. 2023 मध्ये तिथल्या संसदेने पदाच्या गैरवापराच्या गुन्ह्यांतल्या शिक्षा सौम्य केल्या, त्याबद्दल आयोगाने केलेली टीका योग्यच होती. पण न्यायव्यवस्था आणि भ्रष्टाचार यांबाबतच्या त्रुटी उघड असताना बल्गेरिया आणि रुमानिया यांना 2007 मध्ये आत घेतलं गेलं, आणि त्यासाठी नेमलेली खास देखरेख 2023 पर्यंत चालली. म्हणजे इच्छा असेल तेव्हा अपुरी तयारीही चालते. दुसरा आक्षेप कायद्याचा: संघाच्या कराराच्या कलम 49 नुसार प्रवेशाला सगळ्या सदस्यांची संमती लागते, त्यामुळे नकार हा त्यांचा हक्क आहे. हे निर्विवाद. मग नकाराला नकारच म्हणा. त्याला उमेदवाराची अपात्रता म्हणू नका. तसं केल्याने खरं नुकसान होतं: न्यायालयं सुधारण्यासाठी झटणाऱ्या स्थानिक माणसांच्या हातातला ‘सुधारणा केल्या तर प्रवेश मिळेल’ हा एकमेव युक्तिवाद निकामी होतो.

इतर गैरसमजांना फार जागा द्यायला नको. उमेदवारी म्हणजे सदस्यत्वाची हमी नव्हे. तुर्कस्तान 1999 पासून उमेदवार आहे. वाटाघाटी म्हणजे कायद्यांवर घासाघीस नव्हे. संघाचे कायदे स्वीकारावेच लागतात, चर्चा होते ती मुख्यतः कधी आणि कसे याची. नाटो आणि युरोपीय संघ एक नव्हेत. उत्तर मॅसेडोनिया 2020 पासून नाटोत आहे. आणि संघात गेलं की लगेच युरो येतो हेही खरं नाही: 2007 मध्ये सदस्य झालेल्या बल्गेरियात तो 1 जानेवारी 2026 ला आला, तर सदस्य नसलेल्या माँटेनेग्रोत तो कित्येक वर्षं चालतो आहे.